नळीच्या आतली चकाकी

पैठण तालुक्यात मोसंबीच्या बागा, उसाचे फड आणि तुरीची रानं एकमेकांना लागून आहेत. इथे रात्रीची राखण हा शेतीचाच भाग आहे. रानडुकरांचा कळप एका रात्रीत मक्याचा पट्टा लोळवतो. रोही तुरीचे शेंडे खुडतात. हरणं हरभऱ्यात शिरली की सकाळी नुसते देठ उरतात. त्यावर शेतकऱ्याचे उपायही सगळ्यांना ठाऊक आहेत: बांधावर बांधलेल्या जुन्या रंगीत साड्या, पत्र्याचा डबा, फटाके, झटका मशीन, मचाणावरची बॅटरी. आणि मोजक्या घरांत, कपाटात कुलूपबंद असलेली बंदूक.

ही बंदूक बहुधा बारा बोअरची, एकनळी किंवा दुनळी असते. एखादी आजोबांच्या नावावरून वारसाने आलेली, एखादी ठासणीची. वर्षभरात तिचे दोन-चार बारसुद्धा निघत नाहीत, आणि निघाले तरी हवेत, जनावर बिथरवायला. तरीही सणाच्या साफसफाईत किंवा परवान्याच्या नूतनीकरणाआधी ती बाहेर येते, मोडून उघडली जाते, नळी आभाळाकडे धरली जाते आणि एक डोळा मिटून मालक आत बघतो. आतून प्रकाशाची वर्तुळं एकात एक दिसली तर समाधान. पण मध्येच काळपट डाग, करडी रेघ किंवा खडबडीत पट्टा दिसला तर मन स्वस्थ बसत नाही. मग पॉलिश पेपर येतो, सळईला चिंधी गुंडाळली जाते, आणि घरात ड्रिल मशीन असेल तर तेही येते.

डाग काढून टाकायची ही ओढ स्वाभाविक आहे. पितळेची भांडी, नांगराचा फाळ, विळ्याचे पाते, सगळे आपण घासूनच चकचकीत करतो. बंदुकीच्या नळीला मात्र हा न्याय लागू पडत नाही. तिथे साफ करणे आणि घासणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले प्रत्येक मालकाने न चुकता करावे, दुसरे घरी कधीच करू नये. असे का, हे समजायला नळीत काय असते आणि तिच्यात काय साचते ते आधी पाहायला हवे.

परवाना कशाचा, बंदूक कशाची

१९५९चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२पासून अमलात आला. त्याच्या कलम १३मध्ये शेतकऱ्याचा स्पष्ट विचार केलेला आहे. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देता येतो. ठासणीची पुरेशी पडणार नाही असे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटले, तर गुळगुळीत नळीच्या दुसऱ्या बंदुकीचाही देता येतो. संरक्षणासाठी किंवा क्रीडेसाठी गुळगुळीत नळीची बंदूक हवी असेल, तर तिची नळी २० इंचांहून कमी नसावी अशी अट आहे. ‘गुळगुळीत नळी’ म्हणजे आतून पेच नसलेली, छर्रे उडवणारी. रायफलीच्या नळीत गोळीला फिरकी देणारे पेच असतात, हिच्यात ते नसतात.

परवाना हातात आला म्हणजे जनावर मारायची मुभा मिळाली, असे मात्र नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकारीला बंदी आहे. पिकाचे नुकसान करणाऱ्या जनावराबाबतही वनखात्याची परवानगी लागते. शिवाय पैठणच्या शेजारी नाथसागर आहे. जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६मध्ये इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. या धरणामुळे सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटरचा जलाशय तयार झाला. १९८६मध्ये तो पक्षी अभयारण्य झाला. अभयारण्यात परवानगीविना शस्त्र घेऊन जायला कायद्याची बंदी आहे.

यातला विरोधाभास मोठा आहे. छर्ऱ्यांची बंदूक मुळात उडत्या पक्ष्यासाठी घडली. हिवाळ्यात नाथसागरावर बदके आणि रोहित उतरतात, आणि तिथेच तिला मज्जाव आहे. काही पिढ्यांपूर्वी चित्र वेगळे होते. पैठणसह सारा मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात असताना, १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. सलीम अलींनी संस्थानातल्या पक्ष्यांचे सर्वेक्षण केले. त्या काळी अभ्यासासाठी लागणारे नमुनेही बारीक छर्ऱ्यांच्या बंदुकीने टिपूनच गोळा केले जात. ज्यांचे नाव आज संभाजीनगरातल्या तळ्याला दिलेले आहे, त्या पक्षीतज्ज्ञाच्या सामानातही ही बंदूक होतीच. आज तीच बंदूक राखणदाराच्या कामाला आहे आणि जवळजवळ सारा वेळ कपाटात उभी असते. नळीच्या बऱ्याच दुखण्यांचे मूळ या बेकारपणात आहे.

नळी खराब करते कोण

पहिला संशय दारूवर जातो, आणि ठासणीच्या बंदुकीत तो खराही असतो. काळी दारू सोरा, कोळसा आणि गंधकाची. जुने प्रमाण शंभर भागांत ७५, १५ आणि १०. ती जळाल्यावर निम्म्याहून अधिक वजन घनरूपात मागे राहते. त्या काळ्या राळेत पोटॅशियमचे क्षार असतात आणि ते हवेतले पाणी ओढून घेतात. बार काढल्यावर नळी तशीच ठेवली तर रात्रीतून आत ओल धरते आणि गंज सुरू होतो. हे क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. म्हणून ठासणीची नळी कढत पाण्याने धुवायची, ती तापलेली असतानाच कोरडी करायची आणि मगच तेल लावायचे, ही जुनी रीत रसायनशास्त्राच्या कसोटीलाही उतरते. न धुता नुसते तेल चोपडले तर क्षार तेलाखाली सुरक्षित राहतात आणि आपले काम करत राहतात.

काडतुसाची गोष्ट वेगळी. आपल्याकडे सर्रास मिळणारी ‘शक्तिमान’ काडतुसे पुण्याच्या खडकीतल्या दारूगोळा कारखान्यात होतात. हा कारखाना १८६९चा. ऑक्टोबर २०२१मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून नव्या सरकारी कंपन्या झाल्या, तेव्हा तो ‘म्युनिशन्स इंडिया’कडे गेला. काडतुसातली बिनधुराची दारू जळून बहुतांशी वायूच होते, राळ फार थोडी. मागे राहतात त्या दोन गोष्टी. एक, शिसे. छर्रे नळीला घासत जातात तेव्हा शिशाचा पातळ थर पट्ट्यांनी चिकटतो, विशेषतः काडतुसाच्या घराच्या पुढे. दुसरे, बुचाचे प्लास्टिक. छर्ऱ्यांना कवेत घेणारी प्लास्टिकची वाटी गरम नळीला पुसट लेप देऊन जाते. आभाळाकडे धरल्यावर दिसणारी करडी रेघ पुष्कळदा या दोहोंपैकीच एक असते. ती नळीचा दोष नव्हे. ती नळीवर बसलेली वस्तू आहे, आणि घासकागदाशिवाय निघते.

फार जुनी काडतुसे वापरली असतील तर तिसरा शत्रूही असतो. पूर्वीच्या काडतुसांच्या टोपीत, म्हणजे ठिणगी देणाऱ्या भागात, पोटॅशियम क्लोरेट असे. बार झाल्यावर त्याचे क्लोराइड होते, म्हणजे मिठाचेच भावंड. बिनधुराच्या दारूने उडवलेल्या अनेक जुन्या विलायती बंदुका आतून खाल्ल्या गेल्या त्या याच क्षारामुळे.

पण पैठणसारख्या ठिकाणी सगळ्यांत मोठा शत्रू बार नसून साठवण आहे. पावसाळ्यात हवा दमट, शेजारी एवढा जलाशय. दिवसाच्या उकाड्यानंतर पहाटे लोखंड गार पडते आणि त्यावर दव धरते. त्यातून बंदूक ठेवायची कुठे, तर चामड्याच्या किंवा रेक्झिनच्या कव्हरात, कारण ती त्यात शोभून दिसते आणि धूळ बसत नाही. कव्हर ओल धरून ठेवते. बाहेरून ठणठणीत दिसणारी बंदूक आतून तांबूस पडायला एक पावसाळा पुरतो.

त्यात निवडणुकीची भर पडते. आचारसंहिता लागली की परवान्याची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. सरसकट सगळ्यांची बंदूक घेऊ नये, छाननी समितीने प्रत्येक प्रकरण वेगळे तपासावे, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने घेतलेली आहे. तरी ज्याची जमा होते त्याची बंदूक काही आठवडे किंवा महिने त्याच्या हाताबाहेर राहते. २०२४मध्ये लोकसभेची घोषणा १६ मार्चला झाली आणि निकाल ४ जूनला लागला. पुढे १५ ऑक्टोबरला विधानसभेची घोषणा आणि २३ नोव्हेंबरला निकाल. दोन्ही वेळा इथे आचारसंहिता होती. जमा करताना नळीत तेलाचा पातळ हात फिरवलेला असेल तर बंदूक जशी दिली तशी परत येते. शेवटच्या बारानंतर न पुसता दिलेली बंदूक परत आली की मालक पहिल्यांदा ड्रिल शोधतो.

नळी सरळ पाइप नसते

बारा बोअर हे नाव जुन्या मापावरून आले. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातल्या एकीचा जो व्यास, तो या नळीचा व्यास: ०.७२९ इंच, म्हणजे सुमारे साडेअठरा मिलिमीटर. पण नळी या मापाचा सरळ पाइप नसते. मागच्या टोकाला काडतुसाचे घर, ते जरा रुंद. त्यापुढे उतरता शंकू, जो छर्ऱ्यांना रुंद घरातून अरुंद नळीत नेतो. मग लांबच लांब सरळ भाग. आणि तोंडाशी पुष्कळ बंदुकांत ‘चोक’, म्हणजे मुद्दाम ठेवलेली अरुंदी. पूर्ण चोक असेल तर ही अरुंदी जेमतेम एक मिलिमीटरची. चाळीस यार्डांवर तीस इंचांच्या वर्तुळात सुमारे ७० टक्के छर्रे पडावेत, हे पूर्ण चोकचे काम. बर्मिंगहॅमच्या डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनरसारख्या बंदूककारांनी १८७०च्या दशकात ही कला नावारूपाला आणली. ड्रिलला लावलेल्या घासकागदाला घर, शंकू आणि चोक यांतला फरक कळत नाही. सळई तोंडाशी जास्त वेळ रेंगाळली की चोकची कमावलेली अरुंदी झिजते आणि छर्रे पसरायला लागतात.

आता जाडी. बार होतो त्या क्षणी घरापाशी प्रचंड दाब उठतो. साध्या ७० मिलिमीटरच्या बारा बोअर काडतुसाला युरोपीय मानकाने ७४० बारपर्यंत (हे ‘बार’ दाबाचे एकक) दाबाची मर्यादा घालून दिली आहे. मोटारीच्या टायरात साधारण दोन बार हवा असते, यावरून अंदाज यावा. म्हणून नळी मागे जाड असते आणि पुढे पातळ होत जाते, कारण वायू पसरत जातो आणि दाब उतरतो. हलकी, हातात खेळणारी बंदूक हवी म्हणून कारागिरांनी मधला आणि पुढचा भाग जितका पातळ करता येईल तितका केला. जुन्या विलायती दुनळीत सर्वांत पातळ जागी ०.०२० इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाडी उरली तर ती सुरक्षिततेची खालची पायरी समजतात.

या अर्ध्या मिलिमीटरच्या हिशेबात घरचे पॉलिश बसवून पाहू. समजा नळीत गंजाचा खड्डा आहे, खोली दोन दशांश मिलिमीटर. नखालाही जेमतेम लागेल एवढा. तो पूर्ण नाहीसा करायचा तर त्याच्या आजूबाजूचे सारे लोखंड त्याच्या तळापर्यंत उतरवावे लागते. म्हणजे जाडी सगळीकडून दोन दशांशाने कमी, आणि नळीचा व्यास चार दशांशाने जास्त. ब्रिटनमध्ये नळीच्या दाबपरीक्षेची शिस्त जुनी आहे. बर्मिंगहॅमचे परीक्षागृह १८१३चे. तिथे वाढीव दाबाचा बार काढून नळी तपासतात आणि उतरली तर तिच्यावर ठसा मारतात. जुन्या बंदुकीचा व्यास मागच्या टोकापासून नऊ इंचांवर मोजतात. तो ठशातल्या मापाहून ०.०१० इंचाने, म्हणजे पाव मिलिमीटरने वाढला, तर ती परीक्षेबाहेर गेली असे धरतात. तिचा ठसा उरतो, त्याचा अर्थ उरत नाही. आपल्या उदाहरणातला, नखाला जेमतेम लागणारा खड्डा घालवताना ही हद्द केव्हाच ओलांडली गेली. मराठवाड्यात वारसाने आलेल्या दुनळीवर असा बर्मिंगहॅमचा ठसा असेल, तर तो पुसण्याचे हे घरगुती साधन आहे.

खड्डा आहे तसाच ठेवला तर? बहुतेक उथळ खड्डे मापात असलेल्या बंदुकीला अपायकारक नसतात. त्यात राळ अडकते आणि सफाईला दोन फेरे जास्त लागतात, इतकेच. डाग दिसतो म्हणून नळी अशक्त आणि चकाकते म्हणून सशक्त, असा नियम नाही. उलट घासून पातळ केलेली नळी आतून सर्वांत सुंदर दिसते, आणि नेमकी तीच संशयास्पद असते.

काही नळ्यांना तर घासकागद अजिबात चालत नाही. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, तापवून, एकजीव करून घडवलेल्या जुन्या नळ्यांवर बाहेरून लहरींची नक्षी दिसते. त्यांच्या सांध्यांत आत गंज दडलेला असू शकतो, आणि तो बघून कळत नाही. काही रशियन बंदुकांच्या नळीला आतून क्रोमचा कडक मुलामा असतो. त्याला गंज सहसा धरत नाही, पण ओरखडून तो उचलला गेला तर खालचे पोलाद उघडे पडते आणि कडेने गंज आत शिरतो.

कारागीर काय करतो

नळी आतून गुळगुळीत करणे ही खरी कला आहे आणि बंदूककार ती शतकानुशतके करत आला आहे. त्याची जुनी पद्धत शिशाची. सळईच्या टोकाभोवती नळीतच वितळलेले शिसे ओतायचे, म्हणजे ते नळीच्या नेमक्या मापाचे होते. मग त्यावर तेलात कालवलेली कुरुंदाची बारीक पूड लावून ते हाताने, एका लयीत, पुढे-मागे चालवायचे. शिसे मऊ असल्याने पूड त्यातच रुतते आणि सगळीकडे सारखी घासते. आता लवचीक दांड्यावर बारीक घासगोळ्या बसवलेले ब्रशही वापरतात. पण फरक हत्याराचा नाही. कारागीर घासण्याआधी मोजतो, घासताना मोजतो आणि घासल्यावर पुन्हा मोजतो. नळीचा व्यास दर काही इंचांवर आतून, आणि भिंतीची जाडी बाहेरून. हाताशी ही मापे नसतील तर घासणे म्हणजे अंधारात छिन्नी चालवणे. घरच्या कामात नेमके हेच मोजणे नसते.

कायदाही हद्द जवळपास तिथेच आखतो. शस्त्र कायद्याच्या कलम ५प्रमाणे बंदूक दुरुस्त करायला, तिच्यात बदल करायला किंवा तिची परीक्षा घ्यायला स्वतंत्र परवाना लागतो. कलम ६ सांगते की परवान्याविना नळी आखूड करता येत नाही. नळीच्या तोंडाला पोचा आला किंवा चिखल अडकून फुगा धरला, तर तेवढे टोक करवतीने उडवून टाकू, असा सोपा विचार खेड्यात बोलून दाखवला जातो. तो थेट गुन्ह्यात जातो. नळी पुसणे, तेल लावणे ही मालकाची जबाबदारी. नळीचे लोखंड कमी करणे सफाईत बसते की दुरुस्तीत, हा वाद अंगावर घेण्यात शेतकऱ्याचा काहीच लाभ नाही. २०१९च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडे दोनच शस्त्रे ठेवता येतात, आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षांची झाली. हातात असलेली एक बंदूक धड ठेवण्याला यामुळे जास्तच किंमत आली आहे.

घरी करण्याजोगे

पहिले काम बंदूक रिकामी आहे हे पाहण्याचे. नळ्या उघडून, काडतुसाच्या घरात बोट घालून. काडतुसे त्या खोलीत नकोतच, सफाईपुरतीही नकोत. लहान मुले आणि उत्सुक पाहुणे बाहेर.

नळ्या दस्त्यापासून वेगळ्या कराव्यात. गज नेहमी घराच्या बाजूने, म्हणजे मागून घालावा, तोंडाकडून नाही. तोंडाची कड आणि चोक यांना गजाचा मार बसू नये म्हणून. लाकडी किंवा पितळी गज बरा. बांधकामाची सळई नको. आधी कोरडी सुती चिंधी, मग सफाईच्या द्रावणात भिजवलेली, आणि ती नळीत दहा-पंधरा मिनिटे मुरू द्यावी. शिसे आणि प्लास्टिक सुटण्यासाठी हा वेळ जोर लावण्याहून अधिक उपयोगी पडतो. त्यानंतर नळीच्या मापाचा फॉस्फर ब्राँझचा ब्रश. तो पोलादाहून मऊ असतो, म्हणून मळ उचलतो आणि नळी खात नाही. लोखंडी तारेचा ब्रश आणि भांडी घासायची तारेची जाळी दूर ठेवावी. पुन्हा चिंध्या, त्या पांढऱ्या निघेपर्यंत.

हलका तांबूस गंज असेल तर तेल लावून एक-दोन दिवस मुरू द्यावे आणि पुन्हा ब्रश चालवावा. पृष्ठभागावरचा गंज एवढ्याने निघतो. शेवटी बंदुकीच्या किंवा शिलाई मशीनच्या तेलाचा अगदी पातळ हात. तेलाने थबथबलेली नळी ही काळजीची खूण नाही. तेल ओघळून दस्त्याच्या लाकडात उतरते आणि लाकूड कुजते. खोबरेल तेल कालांतराने चिकट होते, त्याचा मोह टाळावा. बार काढण्याआधी नळी कोरड्या चिंधीने पुसावी आणि आरपार उजेड दिसतो ना हे बघावे. गांधीलमाशीचे मातीचे घर किंवा विसरलेली चिंधी नळी फोडायला पुरते.

साठवताना कव्हर काढून ठेवावे. कुलूपबंद लाकडी कपाट, भिंतीपासून थोडे दूर, नळीचे तोंड खाली. पावसाळ्यात दर पंधरवड्याला चिंधीचा एक फेरा. ठाण्यात जमा करायची वेळ आली तर आदल्या दिवशी पूर्ण सफाई आणि तेल, परत मिळाली की त्याच दिवशी पुन्हा.

एवढे करूनही डाग राहिला, तर त्याची जागा टिपून ठेवावी: कोणती नळी, मागून किती इंचांवर, केवढा. सहा महिन्यांनी पुन्हा बघावे. तेवढाच असेल तर चिंता नको. वाढला असेल, बोटाला खोल लागत असेल, किंवा बाहेरून फुगवटा जाणवत असेल, तर बंदूक वापरणे थांबवून ती परवानाधारक बंदूककाराकडे न्यावी. त्याला पॉलिश करायला सांगण्याआधी व्यास आणि जाडी मोजून आकडे लिहून मागावेत. आकडे पुरेसे असतील तर तो पॉलिश करील. नसतील तर ती बंदूक भिंतीवर शोभेल, खांद्याला नको. नळीतले लोखंड कमी करता येते, पुन्हा भरता येत नाही. म्हणून चकाकीचा निर्णय डोळ्याने न घेता मापाने घ्यायचा.